झिजून उंच झालेला कॅमशाफ्ट

ट्रक खडीने भरलेला गेला आणि भरलेलाच परत आला, तेव्हाच वायसरला कळलं की आज घरात कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही.

वायसर म्हणजे या घरातली मुलगी. शाळेच्या हजेरीपटात तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते फक्त बाईंच्या तोंडी. लहानपणी बाबा आणि काका कुठेही बोलत उभे असले की ही त्या दोघांच्या मधल्या फटीत जाऊन घुसायची. "नट आणि पत्रा यांच्या मधे बसते ती वायसर," म्हणत काकाने नाव पाडलं आणि ते चिकटलं. आता ती नववीत होती, आईच्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसत होतं, शाळेच्या प्रदर्शनात तिने बनवलेला पाण्याचा पंप पहिला आला होता, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला जरा कमीच टेकत होते. नाव मात्र तेच.

बाबा केबिनमधून उतरले, पायरीवर बसले, उजव्या पायातला बूट काढला आणि पायाकडे असं बघत राहिले, जणू तो पाय कुणी दुसऱ्यानेच तिथे विसरून ठेवलाय.

"टाकीचा चढ," ते आईला म्हणाले. "अर्ध्यात बसली. परत खाली घेतली, परत चढवली, परत बसली. मागे गाड्यांची रांग. शेवटी सगळ्यांना बाजूला काढून उलटी उतरवली."

"गाडीत काही बिघडलं असेल," आई म्हणाली.

"इंजिन नवंकोरं बांधलंय. सख्ख्या भावाने बांधलंय. गाडीला काय धाड भरलीय? पाय गेला माझा."

ही गोष्ट वायसरला पटत नव्हती. पाण्याच्या टाकीचा तो चढ बाबा आजवर असा चढायचे की बॉनेटवर चहाचा कप ठेवला असता तर बशीत थेंब सांडला नसता. सहा सिलिंडरचं ते जुनं पेट्रोल इंजिन, एका रांगेत सहाच्या सहा, अगदी हळू फिरत असतानाही बैलासारखं ओढायचं. गुण त्या इंजिनाचा होता आणि पाय बाबांचा. इंजिन उतरवून बांधलं, आणि त्या दिवसापासून बाबांचं गणित चुकायला लागलं. खडीच्या ढिगापाशी दुसरे ड्रायव्हर म्हणायला लागले, "उस्ताद, धक्का मारू का? की गाडीला सावलीत बसवू थोडा वेळ?" बाबा हसण्यावारी न्यायचे. घरी आले की बूट काढून पायाकडे बघायचे.

संध्याकाळी काका आला. बाबांचा धाकटा भाऊ, चौकापलीकडे त्याचं गॅरेज. आल्या आल्या त्याने वायसरची वेणी ओढली, ट्रकमधल्या खडीवर एक नजर टाकली आणि समजायचं ते समजला.

"दादा, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पायातली जाण एकदा गेली की गेली. सगळ्यांचीच जाते. तुझी जरा लवकर गेली, एवढंच. रविवारी मी गिऱ्हाईक आणतो. चांगला माणूस आहे, गाडीची काळजी घेईल. तू माझ्याकडे गॅरेजात येऊन बस, काउंटर सांभाळ."

"काउंटर," बाबा म्हणाले. तो एकच शब्द. पण वायसरने तो ऐकला. तीस वर्षं ज्या माणसाने स्टिअरिंग सोडून दुसरं काही धरलं नाही, त्याच्या हातात तिला बिलबुकाचं पेन दिसायला लागलं.

"आणि उद्या पाय डॉक्टरांना दाखवून येऊ," आई म्हणाली.

"दाखवा, दाखवा," काका म्हणाला. "मनाची शंका तरी जाईल."

रात्रभर वायसरच्या डोक्यात एकच भुंगा. पाय जातो म्हणजे नक्की काय जातं? तिने स्वतःचा पाय दहा वेळा खालीवर करून बघितला. मग तिला वाटलं, इतके दिवस आपण सगळे पायच बघतोय. इंजिन कुणी बघितलं? कुणीच नाही, कारण ते काकाने बांधलंय. आणि काकाने बांधलेलं बघायचं म्हणजे सूर्य उगवला का ते काडी पेटवून बघायचं.

तरी बघायला काय हरकत आहे? झाला तर काकाचाच मान वाढेल. दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा अर्धी. आई बाबांना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेली, आणि वायसरने बॉनेट उघडलं.

काय मोजायचं हे तिला पाठ होतं. इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा फिरतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे बारा उंचवटे असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन. उंचवटा फिरत वर आला की वरची झडप उघडते, खाली गेला की मिटते. झडप किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, हे सगळं त्या उंचवट्यांच्या आकारात ठरलेलं. "इंजिनाचा स्वभाव बघायचा असेल तर शाफ्ट बघ," काका सांगायचा. "बाकी सगळं लोखंड."

इंजिन बांधायला घेतलं तेव्हा तो शाफ्ट घासून, चकचकीत करून आणला होता, आणि काकाने तो बाकावर ठेवून तिला मोजायला शिकवलं होतं. आधी हाताने. "डोळे मिट. अंगठा फिरव. खड्डा, पायरी, सपाट, काही असलं तर अंगठ्याला आधी कळतं." मग डायल गेजने. ते गेज काकाने तिला वाढदिवसाला दिलं होतं. वर्गातल्या मैत्रिणींना कानातले मिळाले, हिला मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळ मिळालं, आणि ही दोन दिवस ते उशाशी घेऊन झोपली. त्या शाफ्टचे बाराच्या बारा उंचवटे तिने इतक्या वेळा मोजले की सव्वासात मिलिमीटर हा आकडा तिला स्वतःच्या वाढदिवसाइतका पाठ झाला. पहिल्या उंचवट्यापासून मोजायला सुरुवात करायची हे विसरू नये म्हणून तिने शाफ्टच्या टोकावर ठोकलेल्या आकड्यात जांभळं नेलपॉलिशही भरलं होतं. काका त्यावर पोट धरून हसला होता. "इंजिन लग्नाला चाललंय का गं?"

तर आता तिने प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. वरचं झाकण काढलं. जुन्या पाटीच्या प्लायवूडमधून एक मोठी चकती कापली होती, कंपासपेटीतल्या कोनमापकाने तिच्यावर अंश आखले होते. ती पुढच्या पुलीवर बसवली. एका प्लगच्या भोकातून बोथट सळई आत सोडून पिस्टन दोन्ही बाजूंनी टेकवला, मधला बिंदू धरला, तिथे शून्य. मग पहिल्या सिलिंडरच्या पुशरॉडवर, म्हणजे उंचवट्याचा धक्का वर झडपेपर्यंत नेणाऱ्या सळईवर, गेजचं टोक टेकवलं आणि पान्याने पुली फिरवायला लागली. हळूहळू. गेजचा काटा निघाला, सात ओलांडला, सव्वासात ओलांडला, आणि पुढेच चालला. आठ. आठच्याही किंचित पुढे.

"वेडी आहेस," ती स्वतःला म्हणाली आणि स्टँड घट्ट केला. परत आठ. दुसरा उंचवटा, आठ. तिसरा, पाचवा, सगळे आठ. चकतीवर बघितलं तर झडप उघडी राहत होती तीही आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त अंश. जुन्या शाफ्टने दार किलकिलं करून पाहुण्याला आत घेतलं असतं, याने दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकल्या होत्या.

ती मडगार्डवर बसली आणि विचार करायला लागली. नवा उंचवटा वापरून झिजतो. झिजला की बुटका होतो. झिजून उंच कोण होतं? म्हणजे हा त्यांचा शाफ्टच नव्हता. आणि एवढा वेळ झडपा उघड्या ठेवणारा शाफ्ट म्हणजे जोरात फिरणाऱ्या इंजिनाचा. खूप फिरवलं की ताकद देणार, हळू चालवलं की मान टाकणार. चढावर बाबा नेहमीसारखे हळू, निवांत जायचे आणि गाडी मान टाकायची.

पाय नव्हता गेला. शाफ्ट बदलला होता.

वायसर मडगार्डवरून अशी उडाली की पाना बॉनेटच्या आत पडला. काकाला कुणीतरी फसवलं होतं. शाफ्ट घासून देणाऱ्याने अदलाबदल केली असणार, आपला चांगला ठेवून भलताच पाठवला असणार. काकाला कळलं की तो त्या माणसाचं काय करेल, याचं चित्र रंगवत ती हात न धुताच सायकलवर बसली.

गॅरेजात काका एका कार्ब्युरेटरच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"काका, तुला गंडवलंय कुणीतरी," ती दारातूनच म्हणाली आणि सगळं एका श्वासात सांगून टाकलं. चकती, सळई, आठ, अंश, सगळं. सांगता सांगता तिला वाटलं, आता हा उठेल, पाठीवर थाप मारेल, म्हणेल, वायसर, तू माझी खरी चेली.

काका उठला नाही. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसला. मग परत पुसला.

"गेज अडकलं असेल," तो म्हणाला.

"सगळ्या उंचवट्यांवर?"

"स्टँड हलला असेल. पुशरॉडवर तिरकं लागलं असेल. घरी जा, अभ्यास कर."

"मी परत मोजलं काका. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा चुकलीस. सगळं आकड्यांवर नसतं गं, वायसर."

हा तोच काका होता ज्याने तिला शिकवलं होतं की मोजमाप कुणाचं तोंड बघत नाही. मोठं गिऱ्हाईक असो, जुना दोस्त असो, गेज जे सांगतं ते सांगतं. हाच काका एका शतांशासाठी तिला चार चारदा मोजायला लावायचा, आणि आज जवळजवळ एक अख्खा मिलिमीटर त्याला दिसत नव्हता. त्याने तिच्या चकतीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. कशी केली, कशावर आखली, काहीच नाही. तिला आधी त्याचंच वाईट वाटलं.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि काका उठून गेला, जरा जास्तच घाईने.

वायसर तिथेच उभी राहिली. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बोटीचं एक इंजिन कधीपासून पडलेलं होतं. त्याच कंपनीचं, तेच सहा सिलिंडर, फक्त पाण्यात पळायला बनवलेलं. बोटीला चढ नसतो. बोटीचं इंजिन एकदा जोरात फिरायला लागलं की किनारा येईपर्यंत जोरातच फिरतं. तिने ताडपत्री उचलली. समोरच्या बाजूला जिथे शाफ्ट बसतो तिथे गोल, काळं भोक होतं. बाकीच्या इंजिनावर बोटभर धूळ, आणि त्या भोकाच्या कडेला अजून ओलसर तेल.

ती बाकाजवळ गेली. मोठी हत्यारं ठेवायचा खालचा लांब खण तिला माहीत होता. तिथून कितीदा तरी तिने काकाला पाने काढून दिले होते. आज त्यात सगळ्यात मागे तेलकट कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. तिने कागद बाजूला केला. टोकावर ठोकलेले आकडे, आणि त्यांच्या खाचांत जांभळं नेलपॉलिश.

तिने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पहिला उंचवटा गोल. दुसरा गोल. तिसऱ्याचा शेंडा घासून सपाट, जणू कुणी अंडं टेबलावर आपटलंय. चौथ्याची कड करवतीसारखी. अंगठ्याला ओरखडा निघाला.

"ठेव ते," मागून काका म्हणाला.

तिने ठेवलं नाही.

काका गाडीच्या टायरवर बसला.

"पहिल्यांदा चालू केलं तो दिवस आठवतो तुला?" तो म्हणाला.

आठवत होता. गॅरेजात घरचे सगळे जमले होते. आई, बाबा, ती. नव्याने घासलेला शाफ्ट पहिल्यांदा चालवताना इंजिन बराच वेळ जोरातच ठेवायचं असतं, कारण खालचं तेल उडून त्या उंचवट्यांवर तेव्हाच पडतं. हळू केलं की लोखंडावर कोरडं लोखंड घासतं. हा नियमसुद्धा काकानेच शिकवला होता. इंजिन गरजत होतं, काका वेग वाढवणारी कार्ब्युरेटरची तार हाताने ओढून धरून उभा होता, आणि वायसर त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली होती, "काका, जरा हळू कर ना. सहाही सिलिंडर ऐकू येऊ देत." काकाने तार सोडली होती. इंजिन गुणगुणायला लागलं होतं, आणि सगळे कान देऊन, हसत, किती तरी वेळ ऐकत उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी काका म्हणाला, गाडी इथेच राहू दे, बारीकसारीक जुळवायचंय, तू घरी जा, तुझी परीक्षा आहे.

"तू म्हणालीस म्हणून सोडली," काका म्हणाला. "सगळे खूश होते. मी म्हटलं दोन मिनिटांनी काय होतंय. मग कुणी तारेकडे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी टिकटिक यायला लागली. उघडून बघितलं तर हे. असा शाफ्ट आता कुठे मिळतो? बोटीचा होता, तो घातला. तुझ्यावर आलं असतं गं सगळं. दादाने आयुष्यभर तुला बोलून दाखवलं असतं. तुझ्यासाठी गप्प बसलो मी."

वायसरला क्षणभर ते खरं वाटलं. इतकं खरं की ती शाफ्ट परत खणात ठेवायला वाकलीसुद्धा. माझ्यामुळे झालं, मला वाचवलं, सगळं जागच्या जागी बसत होतं. कागदाची एक बाजू गुंडाळताना तिला बाबा दिसले, पायरीवर बसलेले, बूट हातात.

"मग बाबांना पाय गेला असं का सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं? तोच म्हणाला."

"तू हो म्हणालास."

काकाने फडकं उचललं आणि हात पुसायला घेतले.

"चढावर गाडी बसली तेव्हाही तू हो म्हणालास. आज आई त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीय, त्यालाही तू म्हणालास, दाखवा, दाखवा. आणि उद्या गिऱ्हाईक आणतोयस. माझ्यासाठी?"

"गाडी गेली की विषय संपेल, वायसर. कुणाला कळणार नाही. तुलासुद्धा कुणी काही म्हणणार नाही."

तिने शाफ्ट कागदातून पूर्ण बाहेर काढला. चांगलाच जड होता. शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून तिने तो सायकलच्या हँडलवर आडवा ठेवला.

"तुम्ही मला मधे घातलंत," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काकाला तुम्ही म्हटलं, आणि ते ऐकून त्याने मान वर केली, पण तोवर ती पॅडल मारायला लागली होती.

वाटेत ती रडली, आणि रडता रडता एका हाताने शाफ्ट सांभाळणं इतकं अवघड होतं की दोनदा उतरावं लागलं.

घरी बाबा स्वयंपाकघरात बसले होते. आई सांगत होती, डॉक्टर म्हणाले पाय घोड्यासारखा ठणठणीत आहे, आणि यावर आनंद मानायचा की नाही ते दोघांनाही ठरवता येत नव्हतं. कारण पाय चांगला असूनही गाडी चढत नाही, म्हणजे गेलं ते आणखी काहीतरी आतलं.

वायसरने स्वेटर उघडून शाफ्ट टेबलावर ठेवला. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि तिसऱ्या उंचवट्यावर थांबले.

"हा आपला," ते म्हणाले.

"हो. गाडीत बोटीचा आहे."

मग तिने सगळं सांगितलं. स्वतः म्हणाली होती तेही. ते सांगताना आवाज इतका खाली गेला की आईला पुढे वाकावं लागलं.

बाबांनी शाफ्ट स्वतःकडे ओढला. "तू म्हणालीस हळू कर," ते म्हणाले. "तार कुणाच्या हातात होती?"

"काकाच्या."

"मग झालं."

एवढंच. तिच्या छातीवरचा दगड त्या दोन शब्दांनी उचलून बाजूला ठेवला. पण बाबांच्या छातीवर तो गेला हे तिला दिसत होतं. त्यांनी उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला, लपवल्यासारखा.

"हात चुकतो," ते आईला म्हणाले. "माझ्या हातून काय कमी चुकलंय? येऊन सांगितलं असतं तर दोघांनी मिळून हसलो असतो. पण मी रोज घरी येऊन पायाकडे बघतोय, आणि हा रोज येऊन माझ्याबरोबर माझ्या पायाकडे बघतोय."

आई म्हणाली, "भाऊजींना बोलवू का?"

"उद्या येणारच आहे. गिऱ्हाईक घेऊन."

रविवारी सकाळी बाबांनी प्लग आणि झाकण परत बसवलं, वायसरला शेजारी बसवलं आणि ट्रक टाकीच्या चढाकडे घेतला. खडी अजून तशीच भरलेली होती.

"सांग," ते म्हणाले. "बोटीवाल्या बाईंना काय आवडतं?"

"खालचा गिअर. आणि फिरवायचं. भरपूर. लाज सोडून."

बाबांनी खालचा गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिन असं किंचाळलं की कडेच्या घरातली माणसं खिडकीत आली. त्यात जुना बैल कुठेच नव्हता, पण गाडी चढली. अर्ध्यात थांबली नाही, पाऊण चढावरही थांबली नाही. वर पोचल्यावर खडी उतरवली, आणि बाबांनी स्टिअरिंगवर तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. ते हसले नाहीत. वायसरला वाटलं होतं ते हसतील.

परत आले तेव्हा काका गिऱ्हाइकाबरोबर दारात उभा होता. त्याने रिकामा ट्रक बघितला.

"गाडी विकायची नाही," बाबा त्या माणसाला म्हणाले. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला." माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत निघून गेला.

बाबांनी घरातून शाफ्ट आणला आणि काकापुढे धरला.

"डोळे मिट," ते म्हणाले. "अंगठा फिरव."

"दादा..."

"तूच शिकवतोस ना सगळ्यांना. फिरव."

वायसर त्या दोघांच्या मधे नव्हती. ती बाबांच्या बाजूला उभी होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, फिरव, काका, एकदा फिरव, म्हण की हे माझं. तेवढंच हवं होतं तिला. बाबांनाही तेवढंच हवं असावं, कारण एवढा जड दांडा पुढे धरून ते तो खाली करत नव्हते.

काकाने डोळे मिटले. हात मात्र खिशातून बाहेर आले नाहीत.